कबुतरबाजाचे फुप्फुस

२०२५च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली आणि थोड्याच दिवसांत आंदोलकांनी ती ओढून काढली. प्रकरण उच्च न्यायालयात होते आणि टीव्हीवर दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांवर ओरडत होती. एक म्हणत होते, कबुतरांमुळे माणसे मरतात. दुसरे म्हणत होते, आमचे आजे-पणजे दाणे घालत आले, कोण मेले दाखवा. हे सगळे मी इचलकरंजीतल्या आमच्या घरात बघत होतो. माझ्या शेजारी चाचा नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसले होते. त्यांनी रिमोट मागून घेतला, आवाज बंद केला आणि म्हणाले, "दोघांनाबी काय ठाऊक न्हाई."

चाचा चाळीस वर्षे कबुतरबाज होते. पोटासाठी यंत्रमागावर जॉबर आणि जिवासाठी कबुतरे. घराच्या गच्चीवर पत्र्याची आणि फळ्यांची ढाबळ, त्यात पन्नास-साठ गिरेबाज, दोन-चार लक्के केवळ शोभेला. पहाटे टुकडी सोडायची आणि मान मोडेपर्यंत आभाळात बघत बसायचे. कुणाचे कबूतर किती तास वर राहिले यावर उन्हाळ्यात पैजा लागत. मी लहानपणी त्यांच्याबरोबर वर जात असे. एखादे कबूतर हातात धरून सोडले की तळव्यावर पांढरी, मऊ भुकटी उरायची. चाचा ती लुंगीला पुसत. शुक्रवारी जुम्याच्या आधी ढाबळ झाडायची, कोरड्या खराट्याने, दार लावून, कारण दार उघडे ठेवले तर पिल्ले बाहेर येतात. त्या संध्याकाळी चाचांना बारीक कणकण यायची, खोकला यायचा. सकाळी उतरायचे. घरात त्याला कुणी आजार म्हटले नाही. शुक्रवारचा थकवा म्हणत.

हा शौक आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याच्या कथा आम्ही कौतुकाने सांगतो. बाबरचे वडील उमर शेख मिर्झा १४९४मध्ये फरगण्यातल्या अख्सीच्या किल्ल्यावर कबुतरखान्यासकट दरीत कोसळून गेले, हे बाबरने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याचा नातू अकबर कबुतरे उडवण्याला इश्कबाजी म्हणायचा. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत दरबारातल्या कबुतरांची संख्या वीस हजारांवर सांगितली आहे, त्यातली पाचशे खास बादशाहाची. इराण-तुराणातून कबुतरे नजराणा म्हणून यायची. त्याच्याही आधी बाराव्या शतकात नूरुद्दीन झंगीने सीरियात कबुतरांचे टपाल बसवले होते. सफवी काळात इस्फहानभोवती कबुतरांचे विटांचे मनोरे उभे होते. फ्रेंच प्रवासी शार्दँने त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक असल्याचा अंदाज दिला आहे. मनोरे पक्ष्यांच्या प्रेमापोटी नव्हते, विष्ठेसाठी होते. ती खरबुजांच्या मळ्यांना खत म्हणून जायची. कुणीतरी माणूस त्या बंद मनोऱ्यात उतरून ती खरवडत असणार. त्या माणसाच्या खोकल्याविषयी मला कुठल्या प्रवासवर्णनात एक ओळ सापडलेली नाही. दरबाराचा इतिहास पक्षी मोजतो, ढाबळ झाडणाऱ्याची छाती कोण तपासणार?

एक जवळचा दाखला मात्र आहे. नवव्या-दहाव्या शतकातला रय शहराचा वैद्य अबू बक्र अल-राझी याने एक छोटा ग्रंथ लिहिला तो याच प्रश्नावर, की अबू झैद अल-बल्खी यांना वसंतात गुलाब हुंगले की सर्दी का होते. आमच्यातले काही लोक यावरून लगेच सांगू लागतात की ॲलर्जी आम्हीच शोधली. मला तसला दावा करायचा नाही. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने १९०६मध्ये घडवला आणि त्यामागची शरीरक्रिया राझीला माहीत असणे शक्य नव्हते. पण जी गोष्ट इतरांना आनंद देते तीच एखाद्याला आजारी करते, हे त्याने टिपले आणि ते लिहिण्याजोगे मानले, एवढे श्रेय त्याचे आहे.

दुसरे श्रेय इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनीचे. १७००मध्ये मोदेना इथे त्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ काढला. धान्य चाळणाऱ्या आणि मापणाऱ्या मजुरांना धुळीने खोकला आणि धाप लागते, हे त्यात आहे. पण त्याची मोठी देणगी म्हणजे एक प्रश्न. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून वैद्य रोग्याला जे प्रश्न विचारत आले त्यांत त्याने एकाची भर घातली: तू काम काय करतोस? हा प्रश्न लक्षात ठेवा. चाचांच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकात गोष्ट वेग घेते. १९३२मध्ये इंग्लंडच्या वेस्टमोरलंड भागातला डॉक्टर कॅम्पबेल याने शेतकऱ्यांच्या एका विचित्र आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पावसात भिजून बुरशी आलेले वाळके गवत हलवले की त्यांना धाप लागायची. पुढे त्याला शेतकऱ्याचे फुप्फुस असे नाव पडले. गवतात नेमके काय आहे हे साठच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जॅक पेपिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांनी वापरलेली युक्ती साधी होती. जेलीच्या थराला दोन भोके पाडायची, एकात रोग्याच्या रक्ताचा द्रव, दुसऱ्यात गवताचा अर्क. दोन्ही जेलीतून एकमेकांकडे सरकतात. रक्तात त्या पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडे असली तर मध्ये पांढरी रेघ उमटते. रेघ उमटली. गवत तापून कुजताना त्यात उष्णताप्रेमी जिवाणू वाढतात, आणि शेतकऱ्यांचे शरीर त्यांच्याशी लढत होते.

मग १९६५ आले. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात रीड, सोसमन आणि बार्बी या डॉक्टरांनी कबुतरे पाळणाऱ्यांमधला फुप्फुसाचा एक नवा आजार म्हणून निबंध छापला. पुढच्याच वर्षी लंडनमधून हारग्रीव्ह, पेपिस वगैरेंचा लेख आला, त्यात कबुतरांबरोबर बजरीगर म्हणजे आपले लव्हबर्डही होते. इथेही जेलीत रेघ उमटत होती, पण जिवाणूंविरुद्ध नाही, पक्ष्याच्याच प्रथिनांविरुद्ध. ही प्रथिने विष्ठेत असतात, रक्तात असतात, आणि पिसांवरच्या त्या पांढऱ्या भुकटीत असतात. चाचा लुंगीला पुसायचे ती हीच. तिचे कण इतके बारीक की नाकात आणि श्वासनलिकेत न अडकता थेट फुप्फुसाच्या टोकाशी, वायुकोशांत, जाऊन बसतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कबुतर विष सोडत नाही. हा संसर्गही नाही, त्यामुळे चाचांपासून कुणाला काही होण्याचा प्रश्न नव्हता. मोहल्ल्यात काही महिने त्यांचा पेला वेगळा ठेवला गेला, ते सगळे फुकटचे. आणि ही दमा किंवा शिंकांची ॲलर्जीही नाही. त्या ॲलर्जीत आयजी-ई नावाचे प्रतिपिंड असते आणि मिनिटांत त्रास होतो. इथे मुख्य काम आयजी-जीचे आणि टी-पेशींचे, आणि त्रास सुरू व्हायला चार ते आठ तास लागतात. सकाळी ढाबळ झाडली, संध्याकाळी कणकण आली. मधल्या तासांत जुम्याची नमाज, जेवण, दुपारची झोप होऊन गेलेली. दोन्ही टोके जोडणार कोण?

वायुकोशांत जे घडते ते असे. तिथे पहाऱ्यावर भक्षक पेशी असतात, त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. त्या पक्ष्याचे प्रथिन गिळतात आणि ते परके असल्याची वर्दी देतात. आयजी-जी त्या प्रथिनाला चिकटते, त्याचे गठ्ठे बनतात, ते पाहून पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. कणकण ती हीच. त्यांच्या मागून टी-लिंफोसाइट येतात आणि त्या मुक्काम करतात. १९७४नंतर फुप्फुसात दुर्बिणीतून खारे पाणी सोडून परत खेचायची आणि त्यातल्या पेशी मोजायची पद्धत रुळली, तेव्हा हे डोळ्यांना दिसले. निरोगी माणसाच्या त्या पाण्यात लिंफोसाइट शंभरात दहा-पंधरा असतात. या रोग्यांत त्या अनेकदा निम्म्याहून अधिक निघतात. भक्षक आणि टी-पेशी मिळून सूक्ष्म, सैल गाठी बनवतात. टीबीतही गाठी बनतात, पण त्या घट्ट असतात आणि त्यांच्या पोटात कुजके असते. या गाठी तशा नसतात.

इथपर्यंत सगळे परत फिरवता येते. कबुतरे दूर केली तर पेशी पांगतात, फुप्फुस सावरते. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: काही माणसांत ही सूज विरते आणि काहींत तिचा व्रण का होतो?

त्याचे उत्तर निराळ्या ठिकाणाहून आले. १९७१मध्ये जिनिव्हात गॅब्बियानी आणि सहकारी त्वचेच्या जखमा कशा भरतात ते बघत होते. भरत्या जखमेत त्यांना एक पेशी दिसली, अर्धी धागे विणणारी फायब्रोब्लास्ट, अर्धी स्नायूसारखी आखडणारी. तिला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. जखमेच्या कडा ओढून जवळ आणणे आणि कोलॅजनचे धागे टाकून भोक बुजवणे हे तिचे काम. आमच्या गावात रफूगर म्हटले की लगेच समजेल. काम संपले की रफूगराने उठून जायचे असते, आणि निरोगी जखमेत ही पेशी तशीच जाते. पण ज्या फुप्फुसात दर शुक्रवारी पुन्हा भुकटी येते, तिथे काम संपतच नाही. वायुकोशांचे पातळ अस्तर पुन्हा पुन्हा दुखावते, दुखावलेले अस्तर आणि भक्षक पेशी टीजीएफ-बीटा नावाचा रेणू सोडतात, आणि तो रेणू फायब्रोब्लास्टला सांगतो, वीण. टी-पेशींचाही स्वभाव बदलतो. सुरुवातीला त्या टीएच-१ प्रकारच्या असतात, शत्रू मारून मोकळ्या होणाऱ्या. मेक्सिकोत रोग्यांवर झालेल्या अभ्यासात जुनाट आजारात पारडे टीएच-२ कडे झुकलेले दिसले. २००९च्या सुमारास उंदरांना कुजक्या गवतातला जिवाणू वारंवार हुंगवून केलेल्या प्रयोगांत टीएच-१७ पेशी आणि त्यांचा आयएल-१७ हा रेणू व्रणामागे आढळला.

हवा जाण्याच्या जागी असे धागे भरत गेले की फुप्फुस कडक होते. आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट मला डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगावी लागली. कडकपणा हाच पुढे रफूगराला कामाला लावतो. ताठ झालेल्या धाग्यांवर बसलेली पेशी तो ताण ओळखते आणि आणखी विणते. म्हणून एका टप्प्यानंतर कबुतरे नेली तरी व्रण वाढत राहू शकतो. तो टप्पा कुठे आहे हे रोग्याला आतून कळत नाही.

मग सगळेच कबुतरबाज का आजारी पडत नाहीत? चाचांचे उस्ताद ऐंशीव्या वर्षापर्यंत ढाबळीत झोपायचे. ब्रिटनमध्ये कबुतरे पाळणाऱ्यांच्या मेळाव्यांत रक्त तपासले तेव्हा धडधाकट असणाऱ्या पुष्कळांतही प्रतिपिंडे सापडली. म्हणजे जेलीतली रेघ एवढेच सांगते की शरीराने पक्षी ओळखला आहे, आजाराचा निकाल देत नाही. २०१७च्या एका अभ्यासात जुनाट रोग्यांत एमयूसी-५बी या जनुकातला एक बदल आणि गुणसूत्रांच्या टोकांची आखूड लांबी, दोन्ही अधिक आढळले. ही टोके वयाबरोबर झिजतात. ज्यांची आधीच आखूड, त्यांच्या अस्तराच्या पेशी डागडुजीला लवकर थकतात. आणखी एक विचित्र निरीक्षण असे की विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो. चाचांच्या मित्रांनी हे ऐकून माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही, म्हणून लगेच पुढचे वाक्यही सांगतो: ओढणाऱ्याला तो झालाच तर अधिक वाईट वळण घेतो.

दुसरा फरक मात्रेचा. ब्रिटनचा कबुतरबाज आठवड्याला एकदम पुष्कळ भुकटी घेतो, तापतो आणि डॉक्टरकडे जातो. मेक्सिकोत रोगी बहुतेक स्त्रिया, घरात दोन-चार कबुतरे, रोज थोडी धूळ, ताप नाही, कसली सूचना नाही. त्या येतात तेव्हा व्रण झालेला असतो. १९९३मध्ये तिथल्या डॉक्टरांनी अशा रोग्यांच्या मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध केला तेव्हा हा शौकिनांचा किरकोळ आजार आहे ही समजूत मागे पडली.

चाचांना धाप लागायला लागली तेव्हा ते पंचावन्नचे होते. पहिल्या डॉक्टरने टीबी ठरवली. थुंकीत काही सापडले नव्हते, पण एक्स-रेत डाग होते आणि यंत्रमाग कामगार म्हटल्यावर टीबी पटकन सुचते. सहा महिन्यांचा कोर्स झाला. मग दुसऱ्याने मागाच्या कापसाची धूळ म्हणून दम्याचा पंप दिला. रामाझ्झिनीचा प्रश्न त्याने विचारला होता, कामाचा. पण काम आठ तासांचे असते आणि जीव दुसरीकडेच गुंतलेला असतो, हे त्या प्रश्नात येत नाही. तीन वर्षे गेली. चाचा रोज गच्चीवर जात होते, आता जिन्यात दोनदा थांबून. आम्हीच म्हणायचो, जाऊ द्या, तेवढीच मोकळी हवा.

शेवटी मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात, सीटी स्कॅन बघता बघता एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "चाचा, घरात पक्षी आहेत का?"

"न्हाईत," चाचा म्हणाले.

मी म्हणालो, "चाचा, कबुतरं?"

"कबुतरं हैत की. पक्षी कुठं?"

त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पाऊणएक तास ढाबळीविषयी विचारत राहिल्या. किती मोठी, कुणी झाडते, झाडल्यावर काय होते, उशीत पिसे आहेत का, घरात कूलर आहे का.

हे चाचांच्याच नशिबी आले असे नाही. बार्सिलोनात २०१३मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, कारण सापडत नाही म्हणून अज्ञात फायब्रोसिस ठरवलेल्या ४६ रोग्यांची पुन्हा कसून विचारपूस आणि तपासणी केली, तर २० जणांना हा ॲलर्जीचा आजार निघाला. बऱ्याच जणांचा पक्षी त्यांच्या पिसांच्या रजई-उशीत होता. भारतात २०१७मध्ये १९ शहरांतल्या २७ केंद्रांची नोंदवही प्रसिद्ध झाली. फुप्फुसाच्या अशा आजारांच्या १,०८४ रोग्यांत ४७.३ टक्क्यांना हाच गट निघाला, आणि संशयितांत पक्ष्यांच्याही पुढे होता आपला एअर कूलर, त्यातल्या बुरशीमुळे. दादरच्या भांडणात कूलरचे नाव मी एकदाही ऐकले नाही.

त्या भांडणाबद्दल माझे मत विचाराल तर, रस्त्यावरून जाताना कबुतर दिसले म्हणून फुप्फुस जात नाही, आणि आजोबांना काही झाले नाही म्हणून नातवाला होणार नाही असेही नाही. खिडकीत, एसीच्या मागे, वर्षानुवर्षे पारव्यांची घाण साचलेल्या घरात राहणाऱ्याची भीती खरी आहे. दाणे घालणाऱ्याची श्रद्धाही खरी आहे. पण दाणे कुणाच्या खिडकीखाली पडतात हे बघण्याची जबाबदारी घालणाऱ्याची आहे, असे मला वाटते.

चाचांना स्टेरॉइड दिले. त्याने जी सूज होती ती उतरली, व्रण तसाच राहिला. व्रणाची वाढ मंदावणारे निंटेडॅनिब हे औषध अशा वाढत्या फायब्रोसिसमध्ये चालते हे २०१९च्या चाचणीत दिसले, तिच्या ६६३ रोग्यांत साधारण चौथा हिस्सा या ॲलर्जीवाल्यांचा होता. औषध वेग कमी करते, गेलेले परत देत नाही. ते चाचांना चालू आहे.

कबुतरे द्यायला चाचा तयार नव्हते. डॉक्टरीणबाईंनी बंदी घातली, अब्बांनी शपथ घातली, अम्मी रडली. शेवटी त्यांच्या शागीर्दाने येऊन पिंजरे उचलले आणि चाचा तेवढा वेळ खाली भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ढाबळ रिकामी झाली म्हणजे संपले असेही नसते. पक्षी गेल्यावरही त्यांची प्रथिने घरात कित्येक महिने मोजता येतात. म्हणून आम्ही फळ्या न झाडता आधी पाण्याने भिजवल्या, तोंडाला मास्क लावून पत्रा धुतला, आणि लाकूड अम्मीला चुलीसाठी हवे होते तरी तिला दिले नाही.

शागीर्द आता त्याच्या गच्चीवर चाचांचे गिरेबाज उडवतो. ढाबळ झाडताना मास्क लाव, आधी पाणी मार, वेगळा सदरा ठेव, हे मी त्याला तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगताना त्याला खोकला आला. मी विचारले, कधीपासून? तो म्हणाला, थंडीमुळे असेल, शुक्रवारी जरा जास्त येतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन त्याच दवाखान्यात गेलो.